गोरेबाईंचा कर्णा

गोरेबाई कधी खोटं बोलल्या नाहीत. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, आणि ज्यांना ज्यांना त्यांनी चकवलं तेही सांगतील. त्या फक्त समोरच्याला घाई करू देत. समोरचा आपल्याला हवा तो अर्थ काढून मोकळा होई आणि बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत "असं म्हणता?" एवढंच विचारत.

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची नवी मास्तरीण. लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी वडगावची, शेतकऱ्याघरची. फायनल पास होऊन नोकरीला लागलेली आमच्या भावकीतली पहिलीच मुलगी, म्हणून आई मला पोचवायला आली होती. बाईंशी चार शब्द बोलून झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"बाई कडक हायत," ती म्हणाली, "पर डोळं लबाड हायत. जपून ऱ्हा."

आईने एका नजरेत ओळखलं ते समजायला मला वर्ष लागलं.

बाई ठेंगण्या आणि रुंद होत्या. नऊवारी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात पुरुषी छत्री. लोणावळ्यात छत्रीला वर्षातले चारच महिने सुट्टी असते, पण बाई ती त्या चार महिन्यांतही सोडत नसत. वर्गात कोणी कुजबुजलं तर त्या रागावत नसत. त्या दोन मुलींना उभं करून तीच कुजबूज मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी पुढे चालवायला लावत. "हं, पुन्हा," त्या म्हणत, "नीट ऐकू आलं नाही." महिन्याभरात वर्गातली कुजबूज बंद झाली. बाईंना स्वतःला शिकवता शिकवता भाजलेले शेंगदाणे खायची सवय होती. ते एखाद्या मुलीने पाहिलं तर तिच्या हातावर मूठभर दाणे ठेवून त्या पुढच्या धड्याकडे वळत. माझ्या अंदाजाने शाळेतली प्रत्येक मुलगी कधी ना कधी या लाचेची धनी झाली होती.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. गवळीवाड्याकडे त्यांचं लहानसं घर होतं आणि त्यात त्यांच्याबरोबर त्यांच्या धाकट्या भावाची विधवा बायको राहायची. इंदिरा तिचं नाव. बाई वयाने कितीतरी मोठ्या असूनही तिला वहिनीच म्हणत, म्हणून मीही वहिनी म्हणू लागले. भाऊ तापाने गेल्यावर वहिनी तळेगावला मोठ्या दिरांच्या, म्हणजे दादासाहेबांच्या घरी, चुलीपुढे होत्या. दादासाहेब वडगावच्या कोर्टात वकिली करत. एकदा बाई तळेगावला गेल्या आणि जेवताना सहज म्हणाल्या की शाळेमुळे माझ्या जेवणाचे फार हाल होतात. दादासाहेबांनी लगेच न्याय दिला, की वहिनींना लोणावळ्याला घेऊन जा. बाईंचे जेवणाचे हाल होत होते हे खरंच होतं. त्यांना साधा भात जमत नसे. त्यांना स्वयंपाकीण हवी होती असं मात्र त्या बोलल्या नव्हत्या.

दादासाहेबांनी एक अट घातली होती. लोकांच्या तोंडी येईल असं काही घडता कामा नये, घडलं तर वहिनी परत तळेगावला. वहिनींचे वडील कीर्तनकार, त्यामुळे गाणं त्यांच्या घरातलंच. नवरा असेपर्यंत त्या घरात गायच्याही. तो गेल्यावर एकदा तळेगावात दळताना त्यांनी काहीतरी गुणगुणलं, ते कोणीतरी ऐकलं आणि दादासाहेबांच्या पत्नीने दोनच शब्द ऐकवले. तेव्हापासून वहिनींचा आवाज फक्त "वाढू का?" विचारण्यापुरता उरला होता.

अशा त्या घरात ग्रामोफोन आला.

रेल्वेच्या वसाहतीतला एक गोरा गार्ड विलायतेला परत निघाला होता आणि त्याने खाटा, आरसे, कुत्र्याची साखळी असं सगळं अंगणात विकायला मांडलं होतं. बाई छत्री टेकत तिथे गेल्या आणि चावीचं एक मशीन घेऊन आल्या. मशीनमध्ये त्याहून हलकं काही मिळत नसावं. पत्र्याचा कर्णा एका बाजूने चेपलेला, लाकडी पेटीचा एक पाय आखूड. पहिली तबकडी लावली तेव्हा आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. नावाजलेला गवई, पण वाटत होतं की गादीखाली कोंडलाय आणि वर पडशाने हैराण आहे.

दुसरं कोणी असतं तर पैसे गेले म्हणून हळहळलं असतं. बाईंनी पदर खोचला. "पडसं झालंय त्याला," त्या म्हणाल्या. "बरं करू."

त्या दिवसापासून ते मशीन त्यांचं पेशंट झालं. आधी त्यांनी मशीनवर पाण्याची ताटली ठेवून ते तिरकं आहे हे मला दाखवलं. आखूड पायाखाली कागदाची घडी घालून पाणी समपातळीत आलं, तेव्हा सुई तबकडीवरच्या खाचेच्या एकाच भिंतीला घासायची थांबली. मग पेटी थरथरते असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वयंपाकघरातून पाटा उचलून आणला आणि मशीन त्यावर बसवलं. आवाजाला एकदम बूड आलं. वहिनींनी चटणी कशावर वाटायची हा प्रश्न होता. तो बाईंनी काही दिवस चटणीशिवाय जेवून सोडवला, आणि मग त्या शेजारच्या पोस्टमास्तरीणबाईंचा पाटा मागून आणायला लागल्या.

नंतर निघालं सुईच्या वरच्या डबीतलं रबर. त्या डबीत अभ्रकाची चकती असते, तीच सगळा आवाज करते, आणि तिला धरून ठेवणारं रबर वाळून दगड झालं होतं. तसं मऊ रबर गावात एकाच ठिकाणी मिळत होतं. औषधवाल्याच्या दुकानात भर बाजाराच्या दिवशी बाईंनी तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीचं रबर मागितलं. औषधवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "कोणासाठी?" बाई म्हणाल्या, "घरात आहे एक. फार रडतं." संध्याकाळपर्यंत ही बातमी पार भुशीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तीन बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून बाईंच्या घरात डोकावून गेल्या. बाईंनी तिघींनाही बसवून तबकडी ऐकवली.

पण खरखर काही जात नव्हती. पोलादी सुई तबकडीला ओरबाडते, तिच्याऐवजी काट्याने वाजवावं, असं बाईंनी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं. तिकडचे कुठले निवडुंगाचे काटे आपल्याला कुठून मिळणार? बाई म्हणाल्या, मावळात काट्यांना तोटा नाही. रविवारी आम्ही भुशीच्या बाजूला डोंगर चढलो. तिथल्या ठाकरवाडीतली चांगुणा दर उन्हाळ्यात शाळेच्या दाराशी करवंदं विकायला बसायची, तिला बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने जाळी दाखवली आणि बाई काटे मोडू लागल्या. करवंदांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बाय, करवंदं सोडून काटं कशापायी?" शेवटी चांगुणाने विचारलं.

"गाणं ऐकायचंय," बाई म्हणाल्या.

चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यावर ती जास्तच घाबरली असावी, कारण परत जाताना ती आमच्यापासून चार हात लांबून चालत होती. पण ती शहाणी बाई. पुढच्या आठवड्यात ती काट्यांचा द्रोण घेऊन आली आणि म्हणाली, "ह्ये सुकल्यालं हायत. वलं न्हाई चालायचं, वाकतं." बाईंनी तिला आत बोलावून गाणं ऐकवलं. तिने ते उभ्यानेच ऐकलं, मग कर्ण्यात डोकावली आणि "मानूस लय बारका आसंल" एवढा शेरा मारून गेली.

काट्यांनी खरखर निम्म्यावर आली. प्रत्येक तबकडीला काटा तासून घ्यावा लागे. शाळेतल्या मुलींची हस्तकला त्या वर्षी काचकागदावर काटे घासण्याचीच होती, हे आता सांगायला हरकत नाही.

राहिला कर्णा. पत्र्याचा कर्णा नाकात बोलतो, तो कागदाचा हवा आणि मोठा हवा, असं बाईंनी ठरवलं. बुरडाला बोलावून त्यांनी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा सांगितला. माप ऐकून तो म्हणाला की बाई, एवढी कणगी करून देतो, पण तिला तळ तर सांगा. "तळच नको आहे," बाई म्हणाल्या. सांगाडा झाल्यावर शाळेच्या जुन्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका फाडून आम्ही त्या खळीने त्यावर थरावर थर चिकटवल्या. कसर लागू नये म्हणून खळीत मेथीची पूड. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून खाली शेगडी ठेवून कर्णा वाळवला. तयार झाला तेव्हा त्याच्या तोंडात पोस्टमास्तरांचं मांजर ऐसपैस झोपू शकत होतं, आणि झोपायला लागलंही. मग लक्षात आलं की तो आता या खोलीच्या दारातून कधीच बाहेर जाणार नाही. बाई म्हणाल्या, बाहेर जाऊन त्याला करायचंय काय? घरात मेथीचा वास भरून राहिला. पाहुणे बसले की कर्ण्यावरची अक्षरं वाचत. अकबराला तीन मुलगे व एक हत्ती होता, असं एका मुलीने लिहिलं होतं ते नेमकं दर्शनी भागावर आलं होतं.

पण आवाज! त्या कर्ण्यातून पहिली तबकडी वाजली तो क्षण मी विसरणार नाही. तोच गवई आता गादीखालून उठून खोलीत येऊन बसला होता. तो श्वास घेत होता. त्याच्या मागे तंबोरा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाई खाली मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घालायला विसरल्या.

तेवढ्यात कणकेचे हात घेऊन वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "चढवायला हवं. हळू फिरतंय."

त्यांच्या माहेरी एका चांगल्या मशीनवर हीच तबकडी होती, म्हणून गवयाचा सूर कुठे लागतो हे त्यांच्या कानात पक्कं होतं. मशीनच्या बाजूला वेग कमीजास्त करायचा स्क्रू असतो. बाईंनी तो फिरवला. "एवढा?" "अजून वर." "अजून म्हणजे किती? मला काय कळणार, तूच सांग." वहिनींनी हाताने दाखवलं. बाईंना समजलं नाही. वहिनी थोड्या चिडल्या, आणि बोलून समजत नाही म्हणून त्यांनी तो सूर लावून दाखवला.

मी त्या घरात वर्षभर जात होते, पण तो आवाज मला माहीत नव्हता. कर्ण्यातला गवई एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

बाईंनी स्क्रू फिरवला. वहिनी म्हणाल्या, आता फार वर गेलं, आणि पुन्हा सूर लावला. मग खाली गेलं. मग पुन्हा वर. मी बाईंच्या बाजूला बसले होते, म्हणून मला दिसत होतं की सूर जुळत आला की बाईंचा अंगठा हळूच स्क्रू उलटा फिरवतो. कितीतरी वेळ हे चाललं. शेवटी वहिनींच्या लक्षात आलं. त्या थांबल्या, बाईंच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. आतून पोळपाटाचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने त्यात गुणगुणणं मिसळलं.

त्या दिवसापासून वहिनी तबकडीबरोबर गाऊ लागल्या. आधी तबकडीच्या खाली दबून, मग तिच्या बरोबरीने. एका दुपारी बाईंनी मशीन उघडलं होतं, डबीचे सगळे भाग त्यांच्या मांडीवर पसरले होते, आणि वहिनी आत भांडी घासताना एक जुनं पद म्हणत होत्या. खिडकीशी पोस्टमास्तरीणबाई आल्या. दोन पावलं पुढे आल्या असत्या तर त्यांना मांडीवरचा पसारा दिसला असता. त्या तिथूनच म्हणाल्या, "बाई, तुमचं मशीन आता अगदी माणसासारखं गातं हो."

आत गाणं थांबलं.

"बरीच मेहनत घेतली," बाई म्हणाल्या. "थांबलं वाटतं. पुन्हा चालू करायला हवं." हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं. क्षणभराने पद जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

आता वहिनींना एक आडोसा मिळाला. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून त्या रोज शाळा सुटल्यावर गात आणि सगळी आळी मशीनचं कौतुक करी. मशीनला चावी दिल्याचा आवाज बाई खिडकीशी मुद्दाम करत. कोणी विचारलं तर सांगत, काटे करवंदाचे आहेत, कर्णा कागदाचा आहे, खाली पाटा आहे. सगळं खरं. मी एकदा विचारलं की उघडकीला आलं तर? बाई म्हणाल्या, "काय उघडकीला येईल? मी कोणाला काही सांगितलंय का?" पण त्यांनी शेंगदाणे सोलायचे थांबवले होते, त्यावरून त्यांनाही भीती आहे हे कळत होतं.

कीर्ती वाढली की निमंत्रणं करावीच लागतात. टेकडीवरच्या बंगल्यात मुंबईचे एक वृद्ध डॉक्टर वेलकर राहत. त्यांच्याकडे शिसवी कपाटाएवढं विलायती मशीन होतं. गावात कोणीतरी त्यांना म्हणालं की गोरेबाईंच्या डबड्यापुढे तुमचं कपाट मुकं आहे. त्यांनी ऐकायला येतो असा निरोप पाठवला. त्याच सुमारास वडगावच्या कोर्टात ही गोष्ट दादासाहेबांच्या कानावर गेली. आपल्या बहिणीने असं काही केलंय याचा त्यांना अभिमान वाटला, आणि त्यांनी कळवलं की रविवारी दोन वकील मित्रांना घेऊन येतो, डॉक्टरांनाही तेव्हाच बोलवा.

बाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. त्या म्हणाल्या की खऱ्या तबकड्या लावू, मशीन चांगलंच वाजतं, तेवढं पुरे. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "एक मी म्हणते."

बाईंनी दादासाहेबांच्या अटीची आठवण करून दिली. वहिनींनी सुपातला खडा बाजूला टाकला. "मशीनला कोण परत नेतंय तळेगावला?" त्या म्हणाल्या.

रविवारी तिसऱ्या प्रहरी मंडळी जमली. कर्ण्याच्या बरोबर मागे आतल्या खोलीचं दार होतं. त्यावर पडदा आणि पडद्यामागे दोरीवर एक गोधडी टाकली होती, आवाज जरा पेटीतला वाटावा म्हणून. दादासाहेब पहिल्या खुर्चीत, शेजारी डॉक्टर, मागे बाकीचे. पहिल्या दोन तबकड्या खरोखरच्या लावल्या. डॉक्टरांनी काटा हातात घेऊन पाहिला आणि मनापासून दाद दिली. मग बाईंनी तिसरी तबकडी ठेवली, ती फिरू लागल्यावर डबी खाली आणली आणि तबकडीच्या केसभर वर अडकवून ठेवली. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आता ऐका."

वहिनी गायला लागल्या.

खुर्च्यांची करकर थांबली. बाहेर ओट्यावर पोस्टमास्तरीणबाई उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या. मी बाईंच्या बाजूला उभी होते आणि माझं सगळं लक्ष फिरत्या तबकडीवर. म्हणूनच मला दिसलं की ती हळू होत चालली आहे. घाबरलेल्या बाई चावी द्यायला विसरल्या होत्या. तबकडी मंदावली, रेंगाळली आणि शेवटी थांबली. वरचं लेबल सहज वाचता येत होतं.

गाणं मात्र रंगात आलं होतं. पडद्यामागे वहिनींना काय दिसणार! एका तबकडीच्या बाजूत मावेल त्याच्या दुप्पट त्या गायल्या. बाईंनी मध्येच पुढे होऊन पदर पसरून मशीन झाकलं, जणू काही त्याला थंडी वाजत होती.

गाणं संपलं तेव्हा डॉक्टर वेलकर बाईंच्या पदराकडे बघत होते. मग त्यांनी छताकडे पाहिलं आणि खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाशी धरला. दादासाहेब मात्र उठून उभे राहिले. कोर्टात बोलावं तसे ते बोलले. असा कंठ ही ईश्वराची देणगी आहे, ही बाई कोण असेल ती असो, तिचा आवाज घराघरात पोचला पाहिजे, त्याला कोंडून ठेवणं हे पाप होय. वकील मित्रांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "असं म्हणता?"

सगळे गेल्यावर बाई पाटावर बसकण मारून वहिनींवर रागावल्या, एवढं लांबवायची काय गरज होती? वहिनी पाणी पीत होत्या. म्हणाल्या, "मला तबकडी दिसत नव्हती. दिसली असती तरी थांबले नसते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एकटेच आले. त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही. त्यांची बहीण पुण्यात निराधार मुलींसाठी वसतिगृह चालवत होती आणि तिथे गाणं शिकवायला बाई हवी होती. ते वहिनींना सरळ म्हणाले, की राहायची सोय आहे, पगार आहे, आणि तिथे पडदा नाही. वहिनींनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांना काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. घरात पुन्हा जेवणाचे हाल होणार होते, आणि ते त्यातलं सगळ्यात लहान दुःख होतं.

"तुला जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाल्या.

मग दादासाहेबांना गाठायचं ठरलं. आम्ही दोघी तळेगावला गेलो. गाडीत बाई मला आपला डाव समजावत होत्या. दादांनी सगळ्यांसमोर काय काय म्हटलं ते त्यांच्याकडूनच पुन्हा वदवून घ्यायचं आणि मग सांगायचं की ती बाई कोण. वकिलाला त्याच्याच शब्दांत पकडायचं. त्या इतक्या खुशीत होत्या की तळेगाव स्टेशनवर उतरताना छत्री गाडीत राहत होती.

दादासाहेब ओसरीवर कागद बघत बसले होते. बाईंनी गोड बोलून त्यांना रविवारच्या गाण्यावर आणलं. त्यांनी पुन्हा सगळं म्हटलं, ईश्वराची देणगी, कोंडून ठेवणं पाप. बाईंनी मला कोपराने डिवचलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "तर मग दादा, ती गाणारी कोण ते ऐका."

"सुभद्रे," दादासाहेब बहिणीला म्हणाले, "तबकडी थांबली होती. मी पहिल्या खुर्चीत होतो, आणि मला लांबचं चांगलं दिसतं."

मला डिवचणारं बाईंचं कोपर खाली आलं.

दादासाहेबांनी कागद बाजूला ठेवले. मग जरा खालच्या आवाजात सांगू लागले, की धाकटा भाऊ वसंता होता तेव्हा तो आणि इंदिरा मागच्या अंगणात बसत आणि ती गायची. दादासाहेब माडीवर कोर्टाचे कागद वाचत असत. पान उलटायचं राहून जायचं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं. आवाजात राग होता.

"बोललो असतो तर हो म्हणावं लागलं असतं, नाहीतर नाही म्हणावं लागलं असतं," ते म्हणाले. "दोन्हीची हिंमत नव्हती. मशीन गातंय म्हणून ऐकायला आलो. मशीनची स्तुती करायला कोणाची आडकाठी नाही."

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. दार लोटलेलं होतं, पण मागे कोणीतरी उभं होतं. दादासाहेबांनी तिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले की वहिनींना पुण्याला पाठवायचं मी ठरवलंय, आणि कोणी विचारलं तर ही कल्पना माझीच होती असं सांगायचं.

"असं म्हणता?" बाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांनी वाकून दादासाहेबांच्या पायाला हात लावला.

वहिनी गेल्या. स्टेशनवर बाई गाडी सुटेपर्यंत त्यांना डब्यातला खाऊ आधी कुठला खायचा ते सांगत होत्या, जणू तो त्यांनीच केला होता. खरं तर तो पोस्टमास्तरीणबाईंनी केला होता. पुढे आळीतले लोक म्हणू लागले की बाई, मशीन पूर्वीसारखं गात नाही. बाई सांगत, "त्याचा आवाज पुण्याला गेला." लोकांना वाटे डबी दुरुस्तीला गेली असेल, आणि ते म्हणत की पुण्याचे कारागीर फार दिवस लावतात.

पुढच्या पावसाळ्यात कर्ण्याला बुरशी आली. शेगडी ठेवली, पुसलं, उन्हाची वाट पाहिली, पण लोणावळ्याच्या पावसात कागद किती टिकणार? श्रावणात तो मध्येच वाकला. बाईंनी तो पुन्हा बांधला नाही. सुट्टीत पुण्याला जाऊन त्या वसतिगृहाच्या ओसरीवर बसत, आतल्या मुलींचा गलका ऐकत आणि वहिनींना सांगत की तिसऱ्या रांगेतली मुलगी बेसूर आहे. ती नेहमी खरंच बेसूर असे. वहिनींचं नाव पुढे पुण्यात बरंच झालं. दादासाहेब ते सगळ्यांना सांगत आणि शेवटी न चुकता म्हणत, कल्पना माझी.

लग्न होऊन मी तळेगावला गेले, मग पत्रं, मग पत्रंही कमी. लढाईच्या दिवसांत एकदा मी सासरच्या माणसांबरोबर मुंबईहून परत येत होते. लोणावळ्याला गाडी थांबून निघाली. स्टेशनच्या पुढे रेल्वेच्या वसाहतीचं मैदान लागतं. मी सवयीने खिडकीतून पाहिलं.

मैदानात गोरेबाई बायकांच्या सायकलवर बसल्या होत्या. साठीच्या असतील. नऊवारीचा काष्टा घट्ट, पायात तेच कॅनव्हासचे बूट, केस पांढरे. सायकल डावीकडे झुकत होती, उजवीकडे झुकत होती, पण पुढे चालली होती. त्या मान न वळवता मागे ओरडत होत्या, "धरू नका, सोडा म्हणते ना, सोडा!"

दोन मुली केव्हाच मागे राहिल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून, वाकून वाकून हसत होत्या. बाई एकट्याच पुढे निघाल्या होत्या, आणि गाडी वळली.